मिसेस पंडितचा आवाज

डॉक्टर केलरनी फाइल उघडली, मान वर करून सुलेखाकडे पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मिसेस पंडित!" ते इंग्रजीत म्हणाले. "मी दोन वर्षं मँचेस्टरला शिकत होतो. दर गुरुवारी अख्खं हॉस्टेल तुम्हाला बघायला बसायचं."

सुलेखा हसली. म्युनिकमधल्या हाडांच्या दवाखान्यातही कोणी ओळखेल असं तिला वाटलं नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी सुरू झालेली ती ब्रिटिश मालिका. पांढरा विग, साडीवर कार्डिगन आणि गिऱ्हाइकांना फैलावर घेणारी दुकानदारीण. पुढे तिनं वकील केली, न्यायाधीश केली, एका मालिकेत तर थंड डोक्याची खुनीही केली. पण रस्त्यात लोक हाक मारायचे ती मिसेस पंडित म्हणूनच.

शेजारच्या खुर्चीत तिची आई बसली होती, विभावरीबाई. वडील गेल्यावर आई इंग्लंडमधलं लेस्टर सोडून इथे शिरीषकडे, सुलेखाच्या भावाकडे, राहायला आली होती. एरवी सून मैथिली तिला डॉक्टरकडे न्यायची. सुलेखा चार दिवसांसाठी आली होती, म्हणून म्हणाली, आज मी नेते.

"एकदाच, प्लीज," डॉक्टर म्हणाले. "ते वाक्य."

सुलेखानं आईकडे पाहिलं. आई भिंतीवरचं गुडघ्याचं चित्र बघत होती. नाही म्हणायला हवं होतं. पण हात आपोआप उठला, मनगटानं नसलेला चष्मा वर सारला आणि आवाज निघालासुद्धा.

"आय ॲम नॉट अँग्री! आय ॲम ओन्ली टेलिंग!"

डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "गेनाऊ! अगदी हेच!" मग आईकडे वळून म्हणाले, "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल मुलीचा." आईनं हसून मान हलवली. "बरं, दुखतं कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

आई सुलेखाला मराठीत म्हणाली, "सांग त्यांना, डावा खुबा. जिना उतरताना जास्त."

सुलेखानं सांगितलं. डॉक्टर एक्स-रे आणायला बाहेर गेले.

"आई, तू का नाही बोललीस? चोवीस वर्षं पोस्टात काउंटरवर होतीस. दिवसभर इंग्रजीच तर बोलायचीस."

"मैथिलीला सवय आहे. तीच सांगते सगळं."

"पण का?"

आईनं पर्सची चेन उघडली, परत लावली. "शेवटची दोन वर्षं नव्हते मी काउंटरवर. मागे टपाल लावायला बसायचे. मीच मागून घेतलं ते काम."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मी तोंड उघडलं की रांगेतले लोक हसायचे. वाईट नव्हते गं. तुझी मालिका आवडायची त्यांना. म्हणायचे, तुम्ही अगदी त्या मिसेस पंडितसारखं बोलता."

आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुलेखाला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तिला ती ऑडिशन आठवली. "एखादा मजेशीर आवाज काढता येतो का?" त्यांनी विचारलं होतं. तिला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. शाळेच्या पालकसभेत बोलणारी आई तिनं तिथे उभी केली होती, त्या वाक्यासकट. सगळे हसले, काम मिळालं. पुढे प्रत्येक मुलाखतीत तिनं सांगितलं, ती बाई मला सुचली. आईनं ओळखलं नसेल, असं तिनं स्वतःला कधीच पटवून टाकलं होतं.

दार उघडलं. डॉक्टरांबरोबर रिसेप्शनवरची मुलगी होती, हातात मोबाइल धरलेली.

"हिचा माझ्यावर विश्वासच बसत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "आल्झो, तर मग, पुन्हा एकदा? व्हिडिओसाठी?"

"नाही," सुलेखा म्हणाली. "तो आवाज माझा नाही. माझ्या आईचा आहे. मी हिची नक्कल करत होते. इतकी वर्षं."

डॉक्टरांचे कान लाल झाले. मुलीनं मोबाइल खाली केला. मग दोघांनीही आईकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते सुलेखाच्या लक्षात आलं. तिनं आईला पुन्हा एकदा चारचौघांत उभं केलं होतं. या वेळी विगसुद्धा नव्हता.

आई ताठ बसली. डॉक्टरांकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "नो, नो, डॉक्टर. शी इज ॲक्टिंग. व्हेरी गुड ॲक्टिंग. आय ॲम नॉट टॉकिंग लाइक दॅट."

हेल तोच होता. शब्दांवरचा जोरही तोच. कोणी हसलं नाही.

मुलगी निघून गेली. डॉक्टरांनी फाइल पुढे ओढली, बराच वेळ तिच्यात काहीतरी शोधलं आणि हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय हे?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. डॉक्टर उत्तरासाठी सुलेखाकडे वळले.

सुलेखाला माहीत नव्हतं.