घासून दिलेला पाइप

दोन्ही तुकडे लख्ख होते आणि तीच तर पंचाईत होती.

एक तुकडा हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतल्या पाइपाचा. तिथल्या पाण्यात सहा महिने लवंगेच्या तेलाचे थेंब सोडले जात होते. दुसरा नव्या इमारतीतला, बिनतेलाचा. पाइपाच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, तो या तेलानं रोखता येतो, असं संशोधक पोरीचं म्हणणं. पण बिनतेलाचा तुकडाही तितकाच स्वच्छ निघाला. मग तेलानं दिवे लावले ते कसले?

"बंद करू या हे," मोठे डॉक्टर म्हणाले. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तीन वर्षांची मेहनत मातीत गेली होती.

प्लंबरकाका दाराशी उभे होते. पाइप त्यांनीच कापून आणले होते. "काका, जसे निघतील तसे द्या," असं पोरीनं दहादा बजावलं होतं. पण एकतीस वर्षं इथलं पाणी काकांच्या हाताखालचं. "आमच्या काकांच्या पाइपात घाण? शोधून दाखवा!" हेच मोठे डॉक्टर चारचौघांत सांगायचे. आणि नवीन इमारतीचा पाइप कापला, तर आत ही शेंबडासारखी घाण! ती काय भिंगाखाली मिरवायची? काकांनी तो तुकडा घासून घासून चकचकीत केला, मगच तिच्या हाती दिला.

आता गप्प बसलं की झालं. कुणाला पत्ता लागणार नव्हता. पोरगी डोळे पुसत सामान आवरायला लागली. काकांना स्वतःची लाज वाटली. ते पुढे झाले.

"पोरी, बिनतेलाचा तुकडा मी घासून दिला," ते म्हणाले. "घाण होती. माझ्या पाइपात."

मोठे डॉक्टर बघतच राहिले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं.

"काका, तीन वर्षं हो माझी!" पोरगी कडाडली. काकांची मान वर होईना. मग तिनं एकदम विचारलं, "आणि तेलाचा? तोही घासलात?"

"घासणारच होतो. आत फडकं घालून फिरवलं," काका पुटपुटले. "घातलं तसंच पांढरं बाहेर आलं."