भरली गाडी

दुपारी लाइट गेली आणि लोटन म्हणाला, "चला, आता खरी परीक्षा."

शिंदखेड्याजवळच्या त्या घरात सगळे लाइट जाण्याचीच वाट पाहत होते. ओसरीतल्या टेबलावर दोन कॉम्प्युटर मांडले होते. एक ट्रंकेएवढा, आत निळे दिवे लावलेला. दुसरा शेतात न्यायच्या भाकरीच्या डब्याएवढा. धुळ्याचा दुकानदार लोटन दोन्ही गाडीत घालून घेऊन आला होता. पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा परत.

दिपमालाला संध्याकाळपर्यंत पुण्याच्या ऑफिसला कळवायचं होतं. अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायची, हे तिचं काम. ते गावातून जमलं तर ती इथेच, वडिलांजवळ राहणार होती. नाही जमलं तर सोमवारी पुण्याला. अडचण एवढीच होती की घरात इन्व्हर्टर एक, आणि लाइट गेली की वडिलांचं, अभिमननानांचं, ऑक्सिजनचं मशीनही त्याच्यावरच चालायचं.

नाना बाजेवर बसले होते, नाकाला नळी लावून. पायाशी मशीन घरघरत होतं.

"लोटन, हा मोठा ओढतो किती आणि खातो किती, तेवढं सांग. निळे दिवे नको सांगू."

"ओढतो जबरदस्त, नाना. पण जोर लावला की तीनशे वॉटच्या वर खातो. तुमचं मशीनही जवळपास तेवढंच खातं."

"आणि हे पिल्लू?"

"पन्नासच्या आत. थोडा उशीर लावतं म्हणतात."

"म्हणतात? तू दुकानदार शे ना?"

"म्हणून तर तुमच्याकडे बघायला आलो."

दिपमालाने मोठा सुरू केला. पडद्यावर तीन मजली इमारत चौकोना-चौकोनाने भरू लागली. कॉम्प्युटरच्या आतले पंखे जोरात फिरू लागले. चित्र अर्धंही झालं नव्हतं, तोच इन्व्हर्टर कर्कश ओरडला आणि पडदा काळा झाला. पाठोपाठ नानांच्या मशीनची शिट्टी वाजू लागली. लोटनने धावत जाऊन कॉम्प्युटरची पिन उपटली, इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. मशीन घरघरू लागलं. दिपमालाची आई, कमलबाई, नानांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. काळ्या पडद्यात दिपमालाला स्वतःचाच चेहरा दिसत होता.

मग तिने लहान डबा जोडला. तीच इमारत.

"मला जरा पाणी आण," नाना कमलबाईंना म्हणाले.

चित्र भरू लागलं. लोटन इन्व्हर्टरपुढे वाकला. "अरे, लोडची एकच रेघ आहे. मघाशी पाचच्या पाच होत्या. याने तर कमाल केली."

कमलबाई तांब्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"आवाज कुठे गेला?"

दिपमाला वळली. नाना भिंतीकडे बघत होते. नळी नाकालाच होती, श्वास मात्र वरवर चालला होता. तिने झेप घेऊन त्यांच्या पायाशी असलेलं बटण दाबलं.

"मीच बंद कयं," श्वास थोडा सावरल्यावर ते म्हणाले. "बाजारात बैल जुंपून दाखवतात, तेव्हा गाडी हलकी ठेवतात. मी दोन पोती उतरवली, एवढंच."

दिपमाला त्यांच्याजवळ खाली बसली. "नाना, गाडी हलकी करतो तो विकणारा. इथे बैल घेणारेही आपणच आहोत."

नानांनी नाकाची नळी नीट केली. "हे ध्यानात नही उनं," ते म्हणाले. आणि मग, "मंग टाक बठ्ठं वझं."

तिने सगळं ओझं ठेवून चित्र पहिल्यापासून लावलं. मशीन चालू, पंखा चालू. कमलबाईंनी आपणहून आतल्या खोलीतला पंखा लावला, स्वयंपाकघरातला दिवा लावला, देवघरातला लाल बल्बही लावला.

"अक्का, एवढं कशाला?" लोटन म्हणाला.

"गाडी भरायची तर पुरती भरू दे."

सकाळी लाइट असताना मोठ्या कॉम्प्युटरने हेच चित्र चहाला उकळी येईपर्यंत काढलं होतं. आता चहा झाला, पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या. इन्व्हर्टर ओरडला नाही. पडद्यावर गच्ची आली, जिने आले, खिडक्यांच्या गजांच्या सावल्या फरशीवर उतरल्या. शेवटचा चौकोन भरला, तेव्हा कुठेच न बांधलेल्या त्या घराच्या ओट्यावर सकाळचं ऊन पडलेलं होतं. ओसरीत फक्त नानांचं मशीन ऐकू येत होतं, संथ, एका लयीत.

नाना उठले. नळी पुरेल तिथपर्यंत, टेबलाशी आले. गाडी घरी आली की जू काढून बैलाच्या मानेवरून हात फिरवायचे, तसा त्यांनी त्या डब्यावर तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"अगं, इकडे ये," ते हळूच म्हणाले. "हात लाव. नुसतं कोमट शे. इतकं ओढलं, आणि याले घामबी नही उना."

कमलबाईंनी पदराला हात पुसले आणि एक हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला.