झोंबलं म्हणजे लागू पडलं

"झोंबलं तर मी घरीच. नाही झोंबलं, तर मुकाट्यानं दवाखान्यात येतो. मग कापा म्हणावं पाऊल!" शिंप्यानं पाय स्टुलावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तोंडानं कितीही ऐट मिरवली, तरी स्वतःचा पाय बघायची त्याची छाती होत नव्हती.

लेक दगडी पाला धुऊन वाटीत घेऊन बसली होती. साखरेच्या आजारानं पाय पोखरला होता. अंगठा काळा पडलेला, शेजारची दोन बोटंही त्याच वाटेवर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आता टाळाटाळ केलीत तर जिवावर बेतेल. पण ऐकेल तो शिंपी कसला! पाऊल गेलं तर पायमशीन कोण चालवणार, हे एकच पालुपद.

अख्ख्या गल्लीचे गुडघे आणि कोपरं त्यानं याच पाल्यानं बरी केली होती. पोर रडत आलं की दुकानामागचा पाला खुडायचा, तळहातावर चोळायचा आणि रस थेट जखमेवर पिळायचा. पोर बोंबललं की हा खूश. "झोंबलं ना? मग लागू पडलं! मेलेल्याला झोंबत नसतं, राजा." लेकही हेच ऐकत लहानाची मोठी झाली होती.

"चोळलास का गं?"

"चोळतेय, बाबा."

"चांगला रस निघू दे. कंजुषी नको."

तिनं पट्टी सोडली. भपकन वास आला. काळेपणा कालच्यापेक्षा वर सरकला होता. चोळलेला पाला मुठीत आवळून ती नुसती बघत राहिली. हिरवा रस मनगटावरून ओघळला आणि टपकन फरशीवर पडला.

"आई गं!" शिंपी कळवळला. खुर्चीचे हात त्यानं घट्ट धरले. "अगं, हळू! काय झोंबतंय, काय झोंबतंय! बघ, म्हटलं नव्हतं?"

लेकीनं फरशीवरच्या थेंबाकडे पाहिलं.

"बोल की गं." तो भिंतीलाच म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "लागू पडलं ना?"

"बाबा, सदरा घाला. निघू या," ती म्हणाली.

पाला अजून तिच्या मुठीतच होता.