एकाच रंगाची वायर

मिस्त्रींच्या लेकीनं हेडलाइट लावला आणि डिझेलचा काटा धाडकन शून्यावर आला. बंद केला, काटा परत अर्ध्यावर. उजवीकडचा इंडिकेटर दिला, तर त्याच्या टकटकीबरोबर टेम्परेचरचा काटा नाचायला लागला.

"अर्थिंग गेलंय," ती ट्रकच्या केबिनमधून म्हणाली. "सगळ्या काट्यांची वायर ज्या बोल्टला कसलीय, तो गंजला असणार. साफ करून परत कसला की झालं."

"मग घोडं कुठं पेंड खातंय?" खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हरनं विचारलं.

तिनं त्याला वर बोलावून उघडा डॅशबोर्ड दाखवला. आत मनगटाएवढा जाड वायरींचा जुडगा होता आणि त्यातली एकूण एक वायर लाल होती. त्यात बोल्टाकडे जाणारी कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

हे वायरिंग तिच्या बाबांच्या हातचं. दुकानात सात रंगांच्या वायरी मिळायच्या, पण बाबा एकाच रंगाचं मोठं भेंडोळं आणायचे. रंग शिकाऊ लोकांना लागतात म्हणायचे. अर्थिंगचा बोल्टही कंपनीनं दिलेल्या जागी कसायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. दर गाडीत ते स्वतःची वेगळी जागा शोधत आणि कागदावर कधी एक रेघ ओढत नसत. त्यामुळे त्यांची गाडी दुसरा कुणी उघडायचा, आत डोकावायचा आणि हात जोडून परत पाठवायचा. बाबांना याचा अभिमान होता. गर्वच म्हणा ना.

आता ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत. सकाळी काय खाल्लं, ते दुपारी आठवत नसे.

"विचार की त्यांना," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

तिला विचारायचं नव्हतं. गेले दोन महिने ती बाबांना कामातलं काहीच विचारत नव्हती. उत्तर सापडलं नाही की त्यांचा चेहरा असा काही उतरायचा की तिला तो बघवत नसे. तिनं मनाशी ठरवलंच होतं, दुपारी बाबा घरी जाऊन आडवे झाले की हे सगळं कापायचं, रंगीत वायरी ओढायच्या आणि त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

पण ड्रायव्हरचं तोंड कुठलं गप्प बसतंय! "मिस्त्री," त्यानं खिडकीतून हाक दिली, "आपल्या गाडीचं अर्थिंग कुठं कसलंय तुम्ही?"

बाबा ताडकन उठले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना कामाचं काही विचारलं होतं!

"त्यात विचारायचं काय? स्टिअरिंगच्या खाली, डाव्या अंगाला."

लेकीनं बॅटरीचा उजेड मारून बघितलं. तिथं काही नव्हतं.

"मग वायपरच्या मोटरमागं."

तिथंही नव्हतं. बाबा स्वतःच वर चढले. सीटवर बसून त्यांनी डोळे मिटले आणि जुडग्यात हात घातला. बोटं एका वायरीवरून दुसरीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर, आणि परत पहिलीवर आली.

"थांबा, सांगतो," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. बोटं पुन्हा पहिल्या वायरीवर आली. "सांगतो, सांगतो."

ड्रायव्हरला ते पाहवेना. त्यानं हात लांब करून हेडलाइट लावला आणि मोठ्यानं ओरडला, "आला! मिस्त्री, काटा आला बघा जागेवर! तुम्ही नुसता हात लावलात अन् काम झालं!"

आणि त्यानं बाबांच्या डोक्यावरून लेकीला डोळ्यानं खुणावलं. एरवी गिऱ्हाइकाशी ती अवाक्षर खोटं बोलत नसे.

"हो बाबा," ती म्हणाली. "झालं काम."

बाबांनी डोळे उघडले. काट्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे, मग लेकीकडे.

"हेडलाइट चालू आहे," ते म्हणाले, "आणि काटा शून्यावर आहे. मला आठवत नाही पोरी. दिसतं."

ड्रायव्हर ओशाळला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं हेडलाइट बंद केला, तर काटा टुणकन उडी मारून अर्ध्यावर आला. निर्लज्ज कुठला! ड्रायव्हर मुकाट्यानं खाली उतरला आणि उगाच टायरला लाथा मारून हवा बघत राहिला.

"बाबा, तुम्ही घरी जाऊन जरा पडा," लेक म्हणाली. "मी बघते सावकाश."

"मी गेलो की कापणार आहेस ना सगळं?"

तिनं मान खाली घातली. "दुसरा इलाज नाही हो."

"नाहीच. कुणाच्या बापाला कळणार नाही असं करून ठेवलंय." बाबा क्षणभर हसले. मग त्यांनी तिच्या हत्यारांतून कटर काढला आणि तिच्या हातात दिला. "घे. माझ्यासमोर काप."

तिचा हात पुढं होईना. "आज राहू दे बाबा. उद्या करू."

"उद्या नको," बाबा म्हणाले. "हे माझ्या हातचं आहे, ते आज मला ठाऊक आहे."