शिकवणारीचं नाव

मोनिकाला सदतिसाव्या वर्षी दिवस गेले, त्या सालची ही गोष्ट. सातवा महिना लागला आणि संजीवनं आईला शेवटचं सांगितलं. हातमाग आता घरातून जाईल. येणाऱ्या लेकराच्या कानावर तो आवाज पडायला नको.

पवनीच्या बाजारात संजीवचं तयार कपड्यांचं दुकान होतं. घरात धोटा चालू झाला की तो टीव्ही मोठा करायचा, नाहीतर चपला घालून बाहेर निघायचा. आईनं, कौशल्याबाईनं, त्याला आधी एकच अट घातली होती, मागावरची साडी उतरू दे, मग ने. त्यानं कबूल केलं. पण साडी संपत आली की ती जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, एकेका टोकाला नव्या ताण्याचा धागा पिळून जोडायची. साडी उतरायची, माग मात्र भरलेलाच. अशा तीन साड्या उतरल्या तेव्हा संजीवला उमगलं, की हा माग रिकामा होणारच नाही. विणकराच्या पोराला हे समजायला एवढे महिने लागले, याचंच कौशल्याबाईला हसू आलं.

आता मात्र त्यानं वाट पाहिली नाही. साकोलीहून भूपेंद्रला बोलावून घेतलं. भूपेंद्रचं हायवेवर हॉटेल होतं, नागझिऱ्याचं जंगल पाहायला आलेले पाहुणे तिथं उतरत. दारातून आत शिरल्याबरोबर दिसेल असा माग त्याला मांडायचा होता. तो गाडी, कुदळी आणि चार माणसं घेऊन भरदुपारी हजर झाला.

कौशल्याबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. उठली नाही.

"नमस्कार आजी," भूपेंद्र म्हणाला.

"आजी नको म्हणू भाऊ. नावानं बोल. कौशल्याबाई."

"वय लपवता का जी?"

"लपवू कायले? सत्तर झाले."

माणसं हसली. भूपेंद्र खाली उकिडवा बसला आणि गोडीत समजावू लागला. मागावर दिवे सोडू, बाजूला नाव लावू, लोक फोटो काढतील. तिनं विचारलं, त्यावर विणणार कोण? तो म्हणाला, कोणीच नाही, उलट कोणी हात लावू नये म्हणून भोवती दोर बांधू.

"मंग तुले लाकडं पायजेत," ती म्हणाली. "लाकडं कोठंही भेटतात."

बोलताना तिचे हात थांबले नव्हते. दोन धोटे काठाचे, एक अंगाचा. लाल काठाचे करवतीसारखे दाते कोशाच्या रेशमाच्या पिवळ्या अंगात शिरत होते. भूपेंद्र ते बघतच राहिला. हे शिकलात कुठं, असं त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या बोलण्यात सौद्याचा सूर नव्हता.

ती म्हणाली, या घरात बाईनं धाग्याच्या कांड्या भरायच्या, मागावर बसायचं नाही. तिचे मालक नंदलाल चांगले विणकर होते, पण मरेपर्यंत त्यांनी तिच्या हाती धोटा दिला नाही.

"तिनं देला," ती म्हणाली. "तिची बाज इथंच होती, मागाजवळ. उठणं होत नव्हतं. पडल्या पडल्या आवाज ऐके अन् म्हणे, उकल."

"न पाहता?"

"न पाहता. एक धोटा चुकला तरी तिले कानानं समजे. वीत वीत उकलाले लावे. मी रडो, तं हसे."

"अन् तिले कोणं शिकवलं?"

"ती तं मागापाशीच वाढली."

काठाची मोजणी शिकवणारीनं एका वहीत लिहून ठेवली होती. ती वाचता यावी म्हणून कौशल्याबाईनं साठी उलटून गेल्यावर बाराखडी गिरवली होती. तीही तिच्याच पुढ्यात, तिच्याच रागावण्याखाली.

"जुनी माणसं अशीच कडक," भूपेंद्र म्हणाला.

कौशल्याबाईनं धोटा फेकला.

दारात संजीव पाठ करून उभा होता. तो तसाच बोलला. "आई, ऊठ. ती गेली. आता कायले हे घेऊन बसून राहिली?"

"ती गेली, तिची विद्या नाही गेली. गल्लीतल्या चौघी रोज येऊन बसतात इथं. तुह्या घरात जे येऊन राहिलं, तेही बसल."

संजीवनं चौकटीला हात टेकला.

मध्येच भूपेंद्रला वाटलं, हॉटेलात लावायचा फ्लेक्स दाखवला तर बाई विरघळेल. त्यानं गुंडाळी सोडली. तिनं ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. 'पाच पिढ्यांची कला. सासूनं सुनेला दिलेला वारसा.'

"खोटं हाय."

तो म्हणाला, दुसरा छापू, तुमच्या सासूबाईंचं नाव तेवढं सांगा. तिनं मोनिकाला हाक मारली आणि कोळसा मागितला. मोनिका पोट सावरत न्हाणीच्या चुलीशी गेली. एक कोळसा घेऊन आली आणि नवऱ्याकडे न बघता सासूच्या हातात ठेवला.

कौशल्याबाईनं फ्लेक्स उलटा केला. मागची बाजू कोरी होती. अक्षरं मोठी आली, थोडी वाकडी. लिहून झाल्यावर तिनं ताण्याच्या दोन धाग्यांनी तो मागाच्या वरच्या दांड्याला बांधला आणि पुन्हा पावडीवर पाय ठेवला. चौघं माणसं कुदळींवर हात टेकून उभी होती. भूपेंद्रनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीपासून त्याचा आवाज खाली आला.

'मले शिकवणारी: दामिनी संजीव निमजे. माही नात. ४ मार्च २०२३ ले वारली. वय चौदा.'