पोकळ देवी

कार्थेजमध्ये बाप्तिस्म्याआधी आम्ही ख्रिस्ती माणसाचा धंदा विचारतो. बाप्तिस्मा मागायला आलेला गुदुल्ला कुंभार देवीच्या मूर्ती घडवायचा. ते सोड म्हणून सांगायला मीच गेलो. "अरे, माती आहे ती, आतून पोकळ! तिला कसली शक्ती?" तो भडकला. "पोकळ का ठेवतात ठाऊक आहे, गुरुजी? भरीव मूर्ती भट्टीत फुटते. एवढं शिका, मग देवांवर बोला! मला काय सांगता? काल तुमची सूनच देवी घेऊन गेली." मी तडक घर गाठले. तापाने फणफणलेल्या नातीच्या उशाशी मूर्ती होती. स्वतःला वाचवू न शकणारे देव कसले, हेच मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. मी ती आपटायला उचलली. सून आडवी आली नाही. "फोडा, मामंजी," ती दात आवळून म्हणाली. "चार दिवस तुमच्याच देवाला हाका मारतेय. फोडा, आणि हिचा ताप तुम्ही उतरवा."