तांडेल शेवटी उतरतो

"सही नंतर करा, गंगाबाई. आधी हा शब्द समजून घ्या," जमालभाई म्हणाले आणि जामिनाच्या छापील कागदावर बोट ठेवलं. "लाएबल. आतल्या जज मॅडम प्रत्येक जामीनदाराला याचा अर्थ विचारतात. सांगता नाही आला की जामीन नामंजूर. आज शनिवार आहे, मग पोराला सोमवारपर्यंत आतच राहावं लागेल."

"नाय, आजच सुटाया पायजे तो," गंगाबाई म्हणाली. "तीन दिस झाले, जेवत नाय म्हनतात."

२००७ साल होतं. पनवेल कोर्टाबाहेरच्या सगळ्या टायपिस्टांनी कॉम्प्युटर घेतले होते. जमालभाईंचा टाइपरायटर मात्र अजून खडखडत होता. कोर्टातले इंग्रजी शब्द लोकांना समजावून सांगण्यात त्यांची हयात गेली होती आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. पण आज ते जरा हळवे झाले होते. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत हीच गंगाबाई मासळीची टोपली घेऊन त्यांच्या दारात यायची. अम्मी तिच्याशी तासभर घासाघीस करायची आणि शेवटी दोघी चहा प्यायच्या.

"अम्मीला तुमच्याकडचा जिताडाच लागायचा," ते म्हणाले. "आता ना ती चव राहिली, ना अम्मी."

"खाडीच राह्यली नाय, जमालभाय. जिताडा कुठला?"

 जमालभाईंनी कागद पुढे ओढला. आरोपीचं नाव हितेश. होडी रेतीच्या बार्जवर आपटली, एक माणूस गेला, इंजिनावर हितेश होता. निष्काळजीपणाचा गुन्हा.

"नातं काय लिहू?"

"घरातलाच पोर हाय. माज्या हातचं खाऊन वाढलाय."

जमालभाईंनी 'नातेवाईक' असं टाइप केलं. "गेलेल्या माणसाच्या घरचे विरोध करतील?"

"घरचे कोन? म्हातारी हाय एकटी. ती कशाला इरोध करील?"

"कोर्टात येणार आहे ती?"

"येनार."

जमालभाईंनी अर्थ सांगायला घेतला. लाएबल म्हणजे जबाबदार, आरोपी तारखेला आला नाही तर कोर्ट तुम्हाला पकडणार. गंगाबाईने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"जबाबदार तर सगलेच म्हनतात. परतेक्षात कोन असतो?" तिने विचारलं. मग आपणच म्हणाली, "आमच्यात तांडेल असतो तसा का?"

"म्हणजे?"

"आमचे हे, भगवान, तांडेल होते, होडीचे म्होरके. किनाऱ्याला लागलं की आधी सगले खलाशी मोजायचे, उतरवायचे, मंग आपुन शेवटी उतरायचे. मानसाला काय झालं तर खलाश्याला कोन इचारत नाय. तांडेलाला इचारायचं. आनि तांडेल नसला तर त्याच्या घराने जाऊन उबं राह्यचं. हे खाटेवर पडले होते तवा एका खलाश्याचा हात गेला. त्याच्या दारात मीच गेले." ती मंद हसली. "मंग होडी पोराच्या हातात आली. लय गुनाचा. ल्हानपनी दोगं पोरं एका ताटात जेवायची माज्या पडवीत. कालवनातला मोठा तुकडा कोनाला, यावर भांडायची. मी म्हनायची, तुकडा ज्याला मिलेल त्यानं ताट धुवायचं. मंग तुकडा तसाच राह्यचा."

 अशी आई असल्यावर पोरगा तारखेला कसा चुकेल, असं जमालभाईंना वाटलं.

"तोच अर्थ आहे, गंगाबाई," ते म्हणाले. "हेच सांगा आत."

पुकारा झाला. हितेश पिंजऱ्यात उभा होता. गंगाबाई आत आली तशी त्याने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. जमालभाई दाराशी उभे राहिले.

"लाएबल म्हणजे काय, माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"हाय. तांडेलानं शेवटी उतरायचं. तांडेल नसला तर त्याच्या घरानं उबं राह्यचं."

मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "ठीक आहे. आरोपी तुमचा कोण? मुलगा?"

"नाय बाई."

"मग नातेवाईक कसं लिहिलंय?"

"नातं नाय. इंजिनावरचा खलाशी हाय तो. होडीवर तांडेल माजा पोरगा, म्हनून मी आले."

"मग तुम्ही कशाला आलात? तुमच्या मुलानेच यायला हवं होतं ना?"

गंगाबाईने पदर सावरला.

"तो उतरलाच नाय, बाई. तुमच्या कागदावर मयत म्हनून लिवलाय, तोच माजा इठू."